हिमयुगात महाराष्ट्रात काय चाललं होतं?

चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि संध्याकाळच्या बातम्यांत गावाचं नाव हमखास येतं. त्याच जिल्ह्यात इरई नावाच्या गावाजवळ नदीकाठी चुनखडकाचा एक सपाट पट्टा उघडा पडलेला आहे. त्यावर एकमेकांना समांतर असे लांब, सरळ ओरखडे आहेत. वाहतं पाणी दगड गुळगुळीत करतं, अशा रेघा ओढत नाही. हे ओरखडे हिमनदीचे आहेत. बर्फ सरकत जाताना त्याच्या तळाशी अडकलेल्या दगडगोट्यांनी खालचा खडक खरवडला, त्याच्या या खुणा. १८७० च्या दशकात फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाने त्या नोंदवल्या. त्याआधी, १८५६ मध्ये, ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधूंनी बारीक गाळात रुतलेले मोठमोठे धोंडे पाहून हे बर्फाचंच काम असावं असा निष्कर्ष काढला होता. आजचा नकाशा समोर ठेवून तो पटणं अवघडच होतं.

चंद्रपूरला बर्फ होता तो सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आणि तेव्हा चंद्रपूर आजच्या जागी नव्हतं. भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका हे सगळे गोंडवन नावाच्या एकाच महाखंडाचे भाग होते आणि आपला तुकडा दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता. पण नुसतं ध्रुवाजवळ असणं पुरत नाही. पृथ्वीच्या इतिहासात ध्रुवांवर अजिबात बर्फ नसण्याचे काळही भरपूर होऊन गेले. त्या वेळी हवेत कार्बन डायऑक्साइड कमी होता, म्हणून बर्फ टिकला. कमी का, तर विषुववृत्तीय पट्ट्यात, म्हणजे आजच्या युरोप-अमेरिकेत, दलदलीची प्रचंड जंगलं वाढत होती आणि मेलेली झाडं कुजण्याआधीच गाडली जात होती. हवेतला कार्बन जमिनीत चालला होता. पुढे आपल्याकडचा बर्फ वितळला, त्या ओल्या खोऱ्यांत जंगलं उगवली, तीही गाडली गेली, आणि वणी, घुग्घुस, बल्लारपूरचा कोळसा तयार झाला. हिमनदीने आणलेल्या गाळाच्या वर कोळसा, असा हा क्रम वर्धा खोऱ्यात आजही दिसतो.

पृथ्वीचं तापमान कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात कोण ठरवतं, याचं उत्तर बरंचसं या गोष्टीत आलंच. ज्वालामुखी हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतात. पावसाच्या पाण्यात तो विरघळतो, ते किंचित आम्लधर्मी पाणी खडक झिजवतं, आणि कार्बन नद्यांतून समुद्रात जाऊन चुनखडी बनून तळाशी बसतो. हवा गरम असली की पाऊस जास्त, झीज जास्त, त्यामुळे वायू कमी होतो. गारठली की झीज मंदावते आणि वायू हळूहळू साठतो. सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळपास विषुववृत्तापर्यंत गोठली होती. त्यातून ती बाहेर आली ती याच मार्गाने, असं मानलं जातं. बर्फाखाली खडकांची झीज थांबली, ज्वालामुखी मात्र चालू राहिले.

या हिशेबात सह्याद्रीचंही खातं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाने मोठ्या प्रमाणावर वायू हवेत सोडले. पण बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, लवकर झिजणाऱ्या खडकांपैकी आहे. पुढे हा खडक उष्ण, पावसाळी पट्ट्यात आला तेव्हा त्याच्या झिजेने हवेतला बराच कार्बन ओढून घेतला असावा, असं काही भूवैज्ञानिक म्हणतात.

दख्खनचा लाव्हा आणि ही झीज या दोहोंच्या मध्ये, सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी, एक जबरदस्त उष्ण झटका येऊन गेला. काही हजार वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान ५ अंशांहून अधिक वाढलं, समुद्रांची आम्लता वाढली, आणि सगळं पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षं लागली. त्यानंतरचा काही काळही इतका उबदार होता की उत्तर कॅनडात, आज जिथे वर्षाचे बहुतेक महिने बर्फ असतो त्या एल्समिअर बेटावर, मगरींचे भाऊबंद आणि कासवं राहत होती. अंटार्क्टिकावर मोठा बर्फ जमायला लागला तो जेमतेम ३.४ कोटी वर्षांपूर्वी.

शाळेच्या पुस्तकातलं 'हिमयुग', केसाळ मॅमथांचं, गुहेत राहणाऱ्या माणसांचं, ते या सगळ्याच्या खूप नंतरचं. गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत बर्फ पुन्हा पुन्हा पसरला आणि पुन्हा पुन्हा मागे हटला. गेली आठ-नऊ लाख वर्षं हे आवर्तन साधारण एक लाख वर्षांचं आहे. इतकी ठरावीक लय ज्वालामुखी किंवा खडकांची झीज यांतून येत नाही. तिचं कारण आकाशात आहे, आणि ते शोधणारी माणसं मला या सगळ्या विषयातली सर्वांत आवडती आहेत.

पहिला जेम्स क्रोल. स्कॉटलंडमधला गरीब घरचा मुलगा, शाळा अर्धवट राहिलेली. १८५९ मध्ये ग्लासगोच्या एका कॉलेजात देखभालीची नोकरी धरली, कारण तिथे ग्रंथालय हाताशी होतं. तिथली पुस्तकं वाचून त्याने १८६४ मध्ये निबंध लिहिला की पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा कधी जास्त लांबट, कधी जवळपास गोल होते, आणि हिमयुगांचा याच्याशी संबंध आहे. दुसरा मिलुतिन मिलानकोविच, सर्बियाचा गणिती. १९१४ मध्ये लग्नानंतर बायकोबरोबर ऑस्ट्रिया-हंगेरीत गेलेला असताना महायुद्ध सुरू झालं आणि तिथल्या सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडलं. वजन असलेल्या ओळखी कामी आल्या, त्याला बुडापेस्टमध्ये नजरेखाली राहून विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात काम करायची मुभा मिळाली. युद्ध संपेपर्यंत तो हाताने आकडेमोड करत राहिला.

त्याचं गणित थोडक्यात असं. पृथ्वीच्या फिरण्यात तीन गोष्टी सावकाश बदलतात. कक्षेचा आकार साधारण एक लाख वर्षांच्या आवर्तनात बदलतो. अक्षाचा कल ४१,००० वर्षांच्या आवर्तनात थोडा कमी-जास्त होतो. आणि वेग मंदावलेल्या भोवऱ्याची आर जशी गोल डुलते, तसा पृथ्वीचा अक्षही डुलतो, त्यामुळे सूर्याच्या सर्वांत जवळ असण्याची तारीख वीस-बावीस हजार वर्षांत ऋतूंमधून फिरून येते. सध्या ती जानेवारीच्या सुरुवातीला येते. साधारण ११,००० वर्षांपूर्वी ती उत्तरेच्या उन्हाळ्यात येत होती. हे ध्यानात ठेवा, पुढे मान्सूनसाठी लागणार आहे.

क्रोलला वाटलं होतं की कडाक्याच्या हिवाळ्यांमुळे हिमयुग येतं. मिलानकोविचने उलटं धरलं: महत्त्व उत्तरेकडच्या उन्हाळ्याला आहे. कॅनडा किंवा स्कँडिनेव्हियात हिवाळ्यात बर्फ पडणारच. तिथला उन्हाळा सौम्य झाला की तो पूर्ण वितळत नाही, दर वर्षी थोडा शिल्लक राहतो, आणि पांढरा बर्फ ऊन परत फेकत असल्यामुळे गारठा आणखी वाढतो. १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून ही आवर्तनं खरोखर सापडली. मिलानकोविच तोवर, १९५८ मध्ये, गेला होता.

कक्षेतले बदल मात्र फार किरकोळ आहेत. वर्षभरात पृथ्वीला मिळणारं एकूण ऊन त्यांनी जवळजवळ बदलत नाही. मग तापमानात इतका फरक कसा पडला? याचं दुसरं अर्धं उत्तर अंटार्क्टिकाच्या बर्फात मिळालं. फ्रेंच संशोधक क्लोद लोरियस सांगत असे की १९६५ मध्ये तिथल्या छावणीत व्हिस्कीच्या पेल्यात जुन्या बर्फाचे तुकडे टाकल्यावर त्यातून बुडबुडे निघाले, आणि ही तर हजारो वर्षांपूर्वीची हवा, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे खोल छिद्रं पाडून बर्फाचे दंडगोल काढले गेले. त्यांतून ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा मोजता आली. हिमयुगाच्या ऐन भरात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण १८० भाग असत, उबदार काळात २८०. समुद्र गारठला की तो हा वायू पोटात घेतो, तापला की सोडतो. सुरुवात कक्षेने करायची आणि वायूने तो बदल वाढवायचा, असं चालत आलं. 'बर्फातल्या नोंदीत तापमान आधी वाढतं आणि वायू नंतर, मग वायूचा दोष कसा?' हा प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरतो, त्याचं उत्तर हेच आहे. तेव्हा सुरुवात वायूने केली नव्हती. आज ती वायूपासून झाली आहे. आजचा आकडा ४२० च्या वर आहे.

शेवटचं हिमयुग सुमारे २१,००० वर्षांपूर्वी टोकाला होतं. पृथ्वीची सरासरी आजच्यापेक्षा ५-६ अंशांनी कमी, एवढंच. पण कॅनडावर काही ठिकाणी तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. हे पाणी समुद्रातूनच गेलेलं असल्याने समुद्राची पातळी १२० मीटरहून अधिक खाली होती. इंग्लंड युरोपला जमिनीने जोडलेलं होतं, सैबेरिया अलास्काला. आणि मुंबई समुद्राकाठी नव्हती. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा उथळ तळ मुंबईसमोर फार रुंद आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटर पाण्यात उभे असलेले मुंबई हायचे तेलाचे फलाट ज्या तळावर उभे आहेत, ती तेव्हा कोरडी जमीन होती. कोकण आजच्या कितीतरी पट रुंद होतं. त्या बुडालेल्या पट्ट्यात माणसं राहत असतील तर त्यांच्या खुणा आता गाळाखाली आहेत.

दख्खनवर मात्र या वेळी बर्फाचा कणही आला नाही. आपल्याकडे हिमयुग आलं ते कोरडीच्या रूपात.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे, पाटणादेवीमुळे अनेकांना माहीत असलेलं. तिथे १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं आणि त्यांपासून केलेले मणी मिळाले. एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी आहे. वय साधारण २५,००० वर्षं. भारतातली अशी कवचं खरोखर शहामृगाचीच आहेत हे अलीकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासून दाखवलं. शहामृग हा उघड्या, कोरड्या माळाचा पक्षी. खानदेशात तो सुखाने हिंडत होता आणि कोणी तरी त्याच्या अंड्यावर बसून नक्षी कोरत होतं. राजस्थानातल्या डिडवाणा सरोवराचा गाळही हेच सांगतो. हिमयुगाच्या टोकाला ते आटून मिठाचं झालं होतं, नंतर त्यात गोडं पाणी आलं.

थंडीने पाऊस का कमी व्हावा? मान्सूनचं चक्र चालतं ते उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात. हिमयुगात उत्तर गोलार्ध गारठलेला, हिमालय-तिबेटच्या बाजूला बर्फ जास्त, त्यामुळे ही ओढ कमी पडली. शिवाय थंड समुद्रावरून बाष्पही कमी उठतं.

बर्फ मागे हटायला लागला आणि मध्येच, १२,९०० वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिकभोवतीचं हवामान पुन्हा हजारएक वर्षांसाठी गोठलं. वितळलेलं गोडं पाणी समुद्रात ओतलं गेल्याने उत्तरेकडे उष्णता वाहून नेणारा प्रवाह मंदावला, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण. तो काळ संपला तेव्हा ग्रीनलंड काही दशकांत दहा अंशांच्या आसपास तापलं. हवामान नेहमी सावकाश बदलतं असं समजणाऱ्यांनी हा दाखला पाहावा.

त्यानंतर आपल्याकडे सुकाळ आला. सूर्याच्या जवळ असण्याची तारीख उन्हाळ्यात होती, उत्तरेकडची जमीन जोरदार तापत होती, मान्सून फोफावला. सहारातही गवत होतं, तळी होती, पाणघोडे होते. अल्जीरियातल्या तासिलीच्या कातळांवर तिथल्या लोकांनी काढलेली गुराढोरांची चित्रं आजही दिसतात. महाराष्ट्रात याची नोंद ठेवली ती लोणारने. उल्केने तयार केलेलं ते खोल विवर, बाहेर जायला वाट नसलेलं पाणी. जे आत पडेल ते तळाशी थरावर थर बसत राहतं. तिथल्या गाळात सुरुवातीचा ओला काळ स्पष्ट दिसतो, आणि मग सरोवर आटत गेल्यावरच तयार होणारे क्षाराचे स्फटिक लागतात. त्यांवरून दोन प्रदीर्घ कोरडे काळ निघाले. एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. गोदावरीच्या मुखाबाहेर बंगालच्या उपसागरातल्या गाळात, नदीने वरून वाहून आणलेल्या पानांवरच्या मेणाचे अंश सापडतात. त्यांवरूनही दख्खनच्या झाडोऱ्यात पायरीपायरीने कोरडेपणा वाढत गेला असं दिसतं, एक पायरी ४,००० वर्षांच्या आसपासची.

याच सुमाराच्या एका दुष्काळाला भूशास्त्राच्या कालगणनेत भारतातल्या राज्याचं नाव मिळालं आहे. चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुहेत, ठिबकणाऱ्या पाण्याने वाढलेल्या चुन्याच्या स्तंभात, ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस घटल्याची खूण मिळाली. २०१८ मध्ये तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला 'मेघालयन' म्हणायचं ठरलं. म्हणजे आपण सगळे अधिकृतपणे मेघालयन काळात राहतो. मेसोपोटेमियातलं अक्कड साम्राज्य, इजिप्तचं जुनं राज्य आणि सिंधूची नगरं यांची उतरती कळा याच दुष्काळाशी जोडली जाते. ती जोडणी मला थोडी घाईची वाटते. सिंधूची नगरं एका झटक्यात ओस पडली नाहीत. लोक शेकडो वर्षांत हळूहळू पूर्वेकडे आणि गुजरातकडे पांगले, पिकं बदलली.

असं बदलत जाणं जवळून पाहायचं तर शिरूर तालुक्यातलं इनामगाव पाहावं. घोड नदीकाठच्या या गावाचं डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळात तिथे ऐसपैस चौकोनी घरं होती, पाटाचं पाणी होतं, लोक सातू पिकवत. इसवी सनापूर्वी १००० नंतर त्या जागी छोट्या गोल झोपड्या येतात, शेती रोडावते, शिकार आणि गुरं राखणं वाढतं. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठलंच. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढता अवर्षणाचा काळ असं मांडलं. त्यावर वाद झाले, ते होणारच. पण घरांचा आकार लहान होत गेला हे कोणालाही नाकारता येत नाही.

'थंड म्हणजे कोरडं, उबदार म्हणजे ओलं' हा नियम घोकून ठेवण्याआधी लोणारचा दुसरा कोरडा काळ पुन्हा पाहा. तो ज्या शतकांवर पसरलेला आहे त्यांतच युरोपातलं मध्ययुगीन उबदार पर्व येतं, साधारण ९५० ते १२५०. तिकडे नॉर्वे-आइसलंडचे लोक ग्रीनलंडमध्ये शेती-गुरं करत होते. ९८५ च्या सुमारास एरिक द रेड तिथे गेला. त्या वसाहतीची शेवटची लेखी नोंद १४०८ मधल्या एका लग्नाची आहे. त्यांची ऊब लोणारला पाऊस घेऊन आली नाही. तो फेरफार प्रादेशिक होता, आणि एका प्रदेशाचं हवामान दुसऱ्याला जसंच्या तसं लावता येत नाही.

नंतरचं 'छोटं हिमयुग' साधारण १३०० ते १८५० असं धरतात. पृथ्वीची सरासरी अर्धा अंश किंवा त्याहून थोडी अधिक उतरली असेल. तेवढ्याने लंडनची थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरत, शेवटची १८१४ मध्ये. १६५८ मध्ये स्वीडनचा राजा सैन्य घेऊन गोठलेल्या समुद्रावरून डेन्मार्कच्या बेटांवर चालून गेला. मोठे ज्वालामुखी स्फोट आणि सूर्याची थोडी मंदावलेली क्रिया ही त्याची मुख्य कारणं मानतात. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तंबोरा फुटला आणि १८१६ मध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. जूनमध्ये बर्फ पडला, पिकं गेली.

आपल्याकडे या पर्वाच्या तोंडाशीच दुर्गादेवीचा दुष्काळ आहे, १३९६ पासून सुरू झालेला, परंपरेने बारा वर्षांचा. तो केवळ दंतकथा असेल असं वाटू शकतं. पण बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या स्तंभाने नऊशे वर्षांच्या पावसाची नोंद ठेवली आहे, आणि त्यात चौदाव्या शतकापासून मान्सून वारंवार, लागोपाठ वर्षं दगा देत गेल्याचं दिसतं. परंपरेतलं आणि दगडातलं इतकं जुळणं क्वचितच होतं.

आता आजचं. हिमयुग संपताना समुद्र १२० मीटर चढला, पण त्याला दहा हजारांहून अधिक वर्षं लागली. सर्वांत वेगवान टप्पा १४,५०० वर्षांपूर्वीचा, शतकाला साधारण चार मीटर. सध्याचा वेग वर्षाला चार मिलिमीटरच्या आसपास आहे, त्या मानाने थोडा. फरक एवढाच की रुंद कोकणातले ते लोक झोपड्या उचलून पूर्वेकडे सरकू शकत होते.

मग तापमान वाढलं तर ९,००० वर्षांपूर्वीसारखा भरघोस पाऊस आपल्याला मिळेल का? तेव्हा उन्हाळ्याच्या उन्हाने जमीन समुद्राच्या मानाने जास्त तापत होती, म्हणून मान्सूनची ओढ वाढली होती. आज उष्णता वायूंमुळे अडकते आहे आणि हिंदी महासागरही झपाट्याने तापतो आहे. त्यामुळे जमीन आणि समुद्र यांतला तो फरक तितका वाढत नाही, उलट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो कमी झाला. दुसरीकडे हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या तेव्हा मध्य भारतात, महाराष्ट्र धरून, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं आढळलं. त्याच काळात याच पट्ट्यातला हंगामाचा एकूण पाऊस मात्र घटला होता.